राशिभविष्याच्या अलीकडची गोष्ट

करंजवाडीची विहीर आजही जिथल्या तिथं आहे, दादासाहेबांचीच आहे आणि तिच्याखालच्या वावरात कांद्याची लागण झकास उभी आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. उद्धवरावांचा लागला होता तेवढा पुरे झाला, आणि तोही दुसऱ्या कुणामुळे नाही, त्यांच्या स्वतःच्याच लेखणीमुळे.

उद्धवराव विज्ञानकथा लिहितात. मराठीत विज्ञानकथा लिहिणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत कारल्याची भाजी वाढण्यासारखं आहे. प्रकृतीला चांगली असते हे सगळे मान्य करतात आणि वाढपी जवळ आला की पानावर हात आडवा धरतात. तरी या गृहस्थांनी उभी हयात हाच उद्योग केला. नोकरी भोसरीच्या एका कंपनीत, इन्स्पेक्शनला. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन केसाएवढा फरक पकडायचा आणि सांगवीच्या घरी आल्यावर प्रकाशवर्षांत बोलायचं. कंपनीतले लोक त्यांना 'शास्त्रज्ञ' म्हणत, पण ते काही कौतुकानं नाही. त्यांची बायको तनुजा म्हणायची, "मंगळावर पाणी आहे की नाही ते सावकाश बघा, आधी आपल्या टाकीत आलंय का बघून या." मग हे निमूट गच्चीवर जायचे आणि टाकीचं झाकण उघडायचं सोडून आभाळाकडे बघत उभे राहायचे.

पुस्तकं झाली तीन. त्यातल्या एकाचं परीक्षण आलं, तर परीक्षकानं आडनाव चुकवलं होतं. बाकी सगळं लेखन दिवाळी अंकांत. आषाढ लागला की कुठल्या तरी संपादकाचा फोन यायचा, "उद्धवराव, एक वैज्ञानिक द्या. यान असू द्या, पण शेवट गोड करा. दिवाळीला रडकं नको." उद्धवराव लिहायचे, पाठवायचे आणि दिवाळीला अंक घरी आला की आपली कथा कुठं आहे ते न बघताही त्यांना ठाऊक असायचं. पुढं मोठ्या लेखकांच्या कथा, मग प्रवासवर्णन, मग कविता, मग चकल्या आणि अनारशांच्या पाककृती, त्यानंतर उद्धवराव, आणि त्यांना खेटून वार्षिक राशिभविष्य. वर्षानुवर्षं हाच शेजार.

आता आपल्याकडे अंक मागून उघडणारी माणसं पुष्कळ. आपली रास बघायची, शनी कुठं आहे ते बघायचं, आणि हात लागेल तसं पान अलीकडे उलटायचं. तिथं उद्धवराव भेटायचे. तेही ग्रहांचंच बोलत असायचे. त्यामुळे भावकीतल्या लग्नकार्यात त्यांची ओळख अशी करून दिली जायची, की हे आमचे उद्धवराव, हे ग्रहताऱ्यांचं लिहितात. समोरचा लगेच विचारायचा, "मग पत्रिका बघता का?"

उद्धवराव या गोष्टीवर चिडायचे. विज्ञानकथा म्हणजे भविष्य नव्हे, हे त्यांनी कितीतरी वाचनालयांच्या हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्यांना पटवून दिलं होतं. खुर्च्यांना पटलंही असेल. करंजवाडीला मात्र ते कधीच पटलं नाही, आणि त्याला कारण होतं.

करंजवाडी म्हणजे उद्धवरावांचं गाव, चाकणच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी. त्यांचे थोरले भाऊ दादासाहेब आणि वहिनी शालनबाई तिथंच राहतात. उद्धवरावांची एक खोड अशी, की गोष्ट कुठल्याही ग्रहावर घडो, पायाखाली मुरूम करंजवाडीचाच असायचा. दुसरी कुठली जागा त्यांना इतकी माहीतच नव्हती. वीसेक वर्षांपूर्वी एका कथेत त्यांनी गावाबाहेरच्या, हमरस्त्याला लागून असलेल्या पडीक तुकड्यात एक कारखाना उभा केला. आत माणूस औषधालाही नाही, नुसते लोखंडी हात काम करतात. तो तुकडा निवडला, कारण लहानपणी तिथं ते शेरडं घेऊन जायचे आणि तिथला दगड न् दगड त्यांच्या ओळखीचा होता. एवढंच.

तो तुकडा दादासाहेबांचा होता. त्याच वर्षी त्यांनी तो विकून टाकला. खडकाळ रान, ठेवून करायचं काय? आणि पुढं काही वर्षांनी नेमकी तिथंच एक कंपनी आली. गावातली पोरं कामाला लागली, आणि पहिल्याच शिफ्टवरनं परतलेल्यानं पारावर सांगितलं, की आत सगळे लोखंडी हात आहेत राव, नारिंगी रंगाचे, गाड्या जोडतात. कुणीतरी रद्दीतनं तो जुना अंक शोधून काढला. पारावर त्याचं जाहीर वाचन झालं. त्या दिवसापासून 'उद्धव लिहितो ते होतं' हे करंजवाडीत पक्कं झालं.

दादासाहेब तेव्हा रागावले नाहीत, कुणाला बोलले नाहीत. उद्धवरावांना फक्त एवढंच म्हणाले, "तू लिवलं व्हतंस. मीच वाचलं न्हाई." हे वाक्य उद्धवरावांना जेवढं लागलं, तेवढं कुठलंही परीक्षण लागलं नव्हतं.

तर यंदाच्या दिवाळीत त्यांची गोष्ट आली ती गायमाळाची. गायमाळ म्हणजे गावावरची उघडी बोडकी टेकडी. गोष्टीत त्या टेकडीवर अंतराळयानांचा तळ होतो. अंक आला, तनुजानं अनारशाची कृती कापून ठेवली, उद्धवरावांनी आपलं नाव बरोबर छापलंय आणि शेवटचं पान मीन राशीखाली गेलंय एवढं पाहिलं आणि अंक कपाटात ठेवला. दिवाळी सरली. नोकरीतनं निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, वेळच वेळ होता. पुढच्या गोष्टीत गुरूच्या चंद्रावर करंजवाडी कशी न्यावी याचा विचार चालला होता, तेवढ्यात शालनवहिनींचा फोन आला.

"भावजी, तुमी काय लिवलंय ते तुमचं तुमास्नी ठावं. पर तुमच्या भावानं विहिरीखालचं वावर रंगरावाला द्यायचं ठरवलंय. विहिरीसकट."

"विकणार?"

"विकत्यात कशाला! बदलून घेणार हायेत. आपली विहीर आन् वावर त्याला, त्याचा गायमाळ आपल्याला. शुक्रवारी खेडला जाऊन दस्त करायचा म्हणत्यात."

"अहो वहिनी, गायमाळावर कुसळाशिवाय काय उगवतं?"

"तळ उगवणार हाय म्हणं. तुमीच तर लिवलंय," शालनबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

 उद्धवराव चप्पल एका पायात घालून दुसरी शोधायला लागले.

स्कूटर काढली. नाशिक फाटा ओलांडला आणि मोशीपाशी तिनं नेहमीप्रमाणे मान टाकली. तिथं अय्याजचं गॅरेज आहे. हा अय्याज त्यांच्या स्कूटरची नाडी ओळखून असलेला माणूस. त्यानं प्लग काढला, पुसला आणि इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "सर, ते गायमाळाचं कधी चालू होणार? नाही, मी आपला विचार करतोय, तिकडं एखादा गाळा बघून ठेवावा. यान झालं तरी सर्व्हिसिंग लागणारच ना."

"अय्याज, ती गोष्ट आहे. कल्पना."

"हो हो, गोष्टच," अय्याजनं डोळा मिचकावला. "मी कुणाला नाही बोलत, सर."

 आयुष्यभर उद्धवरावांनी वाचक मिळावा म्हणून देव पाण्यात ठेवले होते. आता मिळाले होते ते असे. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली.

करंजवाडीत पोचले तर ओसरीवर दादासाहेब बसलेले आणि शेजारी रंगराव. दादासाहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. ऑपरेशन कांदा निघाल्यावर करू, असं ते गेली दोन वर्षं म्हणत होते. माणूस ओळखायचे ते पावलांवरनं. "उद्धवा, आलास? बस," ते म्हणाले.

उद्धवराव आधी रंगरावांकडेच वळले. "रंगराव, तुम्हाला तरी पटतं का हे? तळ होणार असता तर तुम्ही गायमाळ सोडला असता का?"

रंगराव तंबाखू मळत म्हणाले, "मला यानातलं काय कळत न्हाई बाबा. मला कांदा कळतो. तुजा दादा देतोय, मी घेतोय. तुमी भाऊ भाऊ काय ते ठरवा. शुक्रवारी मी गाडी घिऊन येतो." आणि टोपी सारखी करून ते निघून गेले. सगळ्या पंचक्रोशीत तेवढा एकच शहाणा माणूस उरला होता, आणि नेमकी विहीर त्याच्या पदरात पडणार होती.

मग उद्धवरावांनी भावाला समजवायला घेतलं. "दादा, ते सगळं मी मनानं रचलंय."

"मागल्या येळीबी असंच म्हणला व्हतास."

"अरे, तेव्हाही मनानंच रचलं होतं!"

"मग कंपनी कशी आली?"

"योगायोग!"

"आसंल," दादासाहेब शांतपणे म्हणाले. "ह्ये बघ, तू कंपनीत व्हतास, चार मोठ्या लोकांत ऊठबस हाय तुजी. वरनं तोंड मिटून ऱ्हा म्हणून सांगितलं आसंल. तू नगं सांगू. मी समजून घेतलंय. एकदा न वाचून हुकलो, आता न्हाई हुकायचा."

आता या माणसाला काय सांगणार? उद्धवराव जितकं नाही म्हणत होते तितकं ते दादासाहेबांच्या लेखी हो ठरत होतं. उद्धवरावांनी तळाला किती सपाट जागा लागते ते सांगितलं, इंधनाचं सांगितलं, सरकारची पद्धत सांगितली. दादासाहेब म्हणाले, "बघ, किती ठावं हाय तुला." उद्धवराव शेवटी तळमळून म्हणाले, "दादा, मी खोटं लिहितो रे. आयुष्यभर खोटंच लिहिलंय."  पण त्याचाही उपयोग झाला नाही. दादासाहेब म्हणाले, "उगं सोताला कमी लेखू नगंस."

आणि ती विहीर काही नुसती विहीर नव्हती. उद्धवराव शाळेत होते तेव्हा दादासाहेबांनी ती खोदली. आपली शाळा सोडून, सुरुंग लावून, दगड फोडून. एका दगडाखाली डाव्या हाताच्या करंगळीचं पेर गेलं, तरी चिंधी बांधून दुसऱ्या दिवशी खाली उतरले. पाणी लागलं त्या दिवशी माणूस पाठवून त्यांनी उद्धवला वर्गातनं बोलावून घेतलं आणि त्या गढूळ पाण्याचा पहिला तांब्या त्याच्या हातात दिला. म्हणाले, "तू पी आदी." त्या पाण्यावर कांदा झाला, बटाटा झाला, आणि त्याच पाण्यावर उद्धवचा डिप्लोमा झाला. उद्धवरावांनी एवढ्या गोष्टी लिहिल्या, पण ही कधी लिहिली नाही, की कधी भावाजवळ बोलून दाखवली नाही. भाऊ भाऊ असलं बोलतात कुठं?

शेवटी त्यांना एक आठवलं. कथेचा शेवट तर उदास होता! गायमाळावर तळ होतो, पण चार वर्षांत बंद पडतो, टेकडी पुन्हा ओसाड होते, आणि टेकडीचा मालक कपाळाला हात लावून बसतो. बुडत्याला काडीचा आधार मिळाला. "दादा, तू ती गोष्ट शेवटपर्यंत वाचलीस का? शेवटचं पान जागा नव्हती म्हणून मागं टाकलंय. राशिभविष्यात, मीन राशीच्या खाली."

शालनबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. दादासाहेबांना वर्तमानपत्र असो की पोथी, त्याच वाचून दाखवतात. त्या म्हणाल्या, "आवो, मी ह्यास्नी..."

दादासाहेबांनी हात वर केला. "ऱ्हाऊ दे गं. उद्धवा, तुज्या तोंडनं तुजी गोष्ट मी कदी ऐकली न्हाई. तू वाच."

अंक भिंतीतल्या देवळीतच होता. उद्धवरावांनी चष्मा लावला, मीन राशीचं पान काढलं आणि खालचा मजकूर नजरेखालनं घातला.  उदास शेवट त्यांनी लिहिला होता खरा, पण तो पहिल्या खर्ड्यात. मग संपादकांचा फोन आला होता, दिवाळीला रडकं नको, आणि ह्यांनी एका बैठकीत गोड शेवट करून पाठवला होता. आषाढात लिहिलेलं कार्तिकात कोण लक्षात ठेवतो? छापलेल्या शेवटात टेकडीच्या मालकाची नात पहिल्या यानात बसून जाते, सगळा गाव टाळ्या वाजवतो आणि मालकाच्या नावानं कमान उभी राहते. हे वाचून दाखवलं असतं तर दादासाहेब शुक्रवारची वाट न बघता आजच खेडला निघाले असते.

"वाच की," दादासाहेब म्हणाले.

उद्धवरावांनी घसा खाकरला. समोर छापलेली अक्षरं होती, आणि त्यांच्या तोंडातनं भलतीच निघायला लागली.

"गायमाळावर दिवे लागले होते. साहेब लोक वर बघत उभे होते. पण यान आलं ते गायमाळावर उतरलंच नाही. त्यानं टेकडीला एक वळसा घातला, दुसरा घातला, आणि सावकाश खाली सरकत ते एका विहिरीजवळच्या वावरात येऊन टेकलं. कांद्याची पात झोपली तेवढीच. दार उघडलं. आतनं दोघं उतरले, एक थोरला आणि एक धाकटा. विहिरीच्या काठावर एक म्हातारा बसला होता. त्यांनी त्याला खुणेनं विचारलं, पाणी मिळेल का?"

शालनबाईंच्या बोटांतली लसणाची पाकळी तशीच राहिली. दादासाहेबांनी मान किंचित वाकडी केली, नीट ऐकू यावं म्हणून करतात तशी. उद्धवरावांना आता थांबता येत नव्हतं.

"मोटर होती, पण म्हाताऱ्यानं पोहरा सोडला. पोहरा ओढताना त्या दोघांना दिसलं, की त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीला एक पेर कमी आहे. थोरल्यानं विचारलं, हे कशानं? म्हातारा म्हणाला, हे पाणी काढताना खाली राहिलं. म्हाताऱ्यानं तांब्या भरला आणि तो थोरल्याला दिला नाही, आधी धाकट्याच्या हातात दिला. म्हणाला, तू पी आधी. धाकटा प्यायला. मग थोरला म्हणाला, बाबा, आम्ही लई जग फिरलो. दगड सगळीकडं आहे, टेकड्या सगळीकडं आहेत, माळ तर इतके आहेत, की कुणी मोजत नाही. पण लांबनं बघताना तुमचं हे जग निळं दिसलं, म्हणून आम्ही वाकडी वाट करून आलो. दगडासाठी कुणी येत नाही, पाण्यासाठी येतात. ही जागा कुणाला देऊ नका. परतताना आम्ही इथंच थांबणार आहोत."

उद्धवराव थांबले. अंक हातात तसाच होता.  मागच्या चाळीत कंपनीतली भाडेकरू पोरं सेकंड शिफ्टला निघाली होती, त्यांच्या गाड्यांचे आवाज आले आणि गेले.

दादासाहेबांनी डाव्या हाताची करंगळी उजव्या मुठीत धरली होती. बऱ्याच वेळानं ते शालनबाईंना म्हणाले, "रंगाला फोन लाव." फोन लागला. "रंगा? शुक्रवारचं ऱ्हाऊ दे. न्हाई, रागावू नगंस. गायमाळ तुजा तुला, वावर माजं मला. व्हय. बरं, पाणी लागलं तर मागायला ये, न्हाई म्हणणार न्हाई." आणि फोन खाली ठेवून म्हणाले, "लसूण सोलून झाला आसंल तर वाढ. भूक लागली."

उद्धवरावांच्या छातीवरनं धोंड उतरली. इतकं हलकं त्यांना निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. शालनबाईंनी मटकीची आमटी, बाजरीची भाकरी आणि कांद्याची पात वाढली, आणि डॉक्टरांनी मीठ तिखट जपून खायला सांगितलेल्या या माणसानं मागून मागून ठेचा घेतला. वहिनींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की काय, ते उद्धवरावांना कळलं नाही. कळून घ्यायची गरजही वाटली नाही. विहीर वाचली होती.

पण माणसाचं मन मोठं चमत्कारिक. पोट भरलं आणि मन टोचायला लागलं. जेवणानंतर दोघं भाऊ विहिरीवर आले. उन्हं कलली होती. विहिरीत पाणी दुपारच्या मानानं गार आणि काळं दिसत होतं. दादासाहेब सवयीनं कठड्याला हात लावत लावत आपल्या जागी बसले. उद्धवराव मात्र उभेच राहिले. एवढा विश्वास टाकणाऱ्या, डोळ्यांनी न दिसणाऱ्या भावाला आपण त्याच्याच ओसरीवर बसून फसवलं, हे काही त्यांना गिळवेना.

"दादा, एक सांगायचंय. तो शेवट..."

"पान उलटलं न्हाईस," दादासाहेब म्हणाले.

"काय?"

"एवढं लांबलचक वाचलंस, पर पान एकदाबी उलटलं न्हाईस. डोळ्यावर पडदा आलाय माझ्या, कानावर न्हाई." ते पुढं म्हणाले, "आन् ती गोष्ट हिनं मला तीन डाव वाचून दाखवलीय. मीन राशीखालचं पानबी. त्यात पोरगी यानात बसून जाती, गाव टाळ्या वाजवतो आन् माझ्या नावाची कमान हुबी ऱ्हाती. कमान चांगली व्हती."

उद्धवरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग... मग तुम्ही रंगरावांना फोन का केलात?" घाबरल्यावर ते भावाला अहोजाहो करायला लागले होते.

"आरं, म्हणून तर केला!" दादासाहेब हसायला लागले. "सकाळधरनं तू बोंबलतोयास, मनानं रचलंय, मनानं रचलंय. मला पटंना. म्हणलं, एवढं बारीकसारीक कुणाला मनानं रचता येतंय? कुटनंतरी कानावर आलं असणारच. आन् आज तू माझ्या फुडं बसून, कागदावर नसलेलं, कुटं न आडता रचलंस. करंगळीसकट. तवा म्हणलं, च्यायला, ह्या गड्याला खरंच येतंय की! मग त्यो तळबी ह्यानं असाच रचला आसणार."

उद्धवराव मटकन कठड्यावर बसले. त्यांना हसू यायला लागलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले, आणि दोन्ही थांबवता येईनात. सगळ्या कारकिर्दीत विज्ञानकथा म्हणजे भविष्य नव्हे हे त्यांना एकाही माणसाला पटवता आलं नव्हतं. आज पटलं होतं, आणि तेही भाषण न करता.

"तांब्याचं ध्यानात हाय व्हय तुज्या?" दादासाहेबांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"आहे की, दादा. पाण्यात माती होती. दाताखाली कचकचली होती."

"मला वाटलं, इसरला आसशील. कंपनीत गेलास, शेरात गेलास." दादासाहेबांनी पाण्याच्या दिशेनं तोंड केलं. "ते छापलेलं तू समद्यांसाठी लिवलंस. माझ्या एकट्यासाठी बसून कुणी गोष्ट केली न्हवती आजवर."

उद्धवरावांनी भावाचा डावा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच घेतला असेल. दादासाहेबांनीही तो काढून घेतला नाही.

"आपरेशन कांदा निघाल्यावर करायचं म्हणत व्हतो," ते म्हणाले. "आता त्याच्या आदीच करून टाकतो. तुजी ती पुस्तकं हायेत ना घरी? ती आणून ठिव. मंगळावर तू काय काय करंजवाडी केलीयास ते बघायला पायजे एकदा."

"आणतो."

"पर तवर एक सांग." दादासाहेब पाय वर घेऊन कठड्यावर नीट बसले. "पाणी पिऊन ती दोघं गेली कुटं?"

उद्धवरावांना खरोखरच माहीत नव्हतं. त्यांनी विहिरीत वाकून पाहिलं. मग म्हणाले, "गेले नाहीत लगेच. म्हणाले, आलोच आहोत तर वावर बघून जाऊ."

"कांदा बघितला आसंल."

"कांदाच बघितला. धाकटा तर वाफ्यातच बसला खाली," उद्धवराव म्हणाले आणि पुढचं सांगायला लागले.